नाश्त्याची रेसिपी महिना बघून छापा

मा. संपादक, स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत नाश्त्याच्या रेसिपी येतात त्या मी आवडीने वाचते, पण हल्ली बघावं तेव्हा ओट्स, चिया सीड्स नाहीतर ब्लूबेरी. आमच्या कुडाळच्या बाजारात ब्लूबेरी कोण विकतं ते तरी छापा, आणि मिळालीच तर त्या भावात घरातल्या सगळ्यांना पुरवायची कशी तेही.

आमच्याकडे सकाळी काय करायचं हे परसाकडे बघून ठरतं. पावसात लावणीच्या दिवसांत उकड्या तांदळाची पेज, बाजूला लोणचं नाहीतर भाजलेला सुका बांगडा, बस. उकडा म्हणजे सालासकट भात आधी वाफवून, वाळवून मग कांडलेला, त्यामुळे कोंड्यातली बी जीवनसत्त्वं बरीचशी दाण्यात उतरतात आणि पेज पिऊन माणूस दुपारपर्यंत चिखलात उभा राहतो. थंडीत करांदे, कणगी हे कंद खणून काढायचे आणि मीठ घालून उकडायचे, सोलून चहाबरोबर खायचे, यात रेसिपी म्हणण्यासारखं काय आहे सांगा. मे महिन्यात बरका फणस पिकला की सांदणं, म्हणजे त्याच्या रसातल्या गोड इडल्या, आणि रायवळ आंब्याचा रस असला की घावणे. घावण्यांना पीठ आंबवायचंही नसतं, तांदळाचं पीठ पाण्यात ताकासारखं पातळ कालवायचं, बिडाचा तवा कडक तापवायचा, पहिलं घावन चिकटतंच ते पोरांना द्यायचं.

तवसोळीबद्दल, म्हणजे आमच्या काकडीच्या गोड केकबद्दल, मात्र जरा सांगायलाच हवं. गणपतीच्या आसपास वेलावरची तवशी, म्हणजे मोठ्या काकड्या, जून होतात, कोशिंबिरीला कोणी विचारत नाही, तेव्हा ती किसून सुटलेल्या पाण्यातच भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं, चिमूटभर मीठ मिसळायचं, पातेल्यात तळाला हळदीचं पान घालायचं आणि मंद आचेवर ठेवून द्यायचं. पूर्वी झाकणावर निखारे ठेवायचे, आता गॅसवर होते पण वरची बाजू तशी खरपूस होत नाही हे खरंय. रात्री करून ठेवली की सकाळी नुसती कापायची, ओव्हरनाईट ओट्सचं जे कौतुक चाललंय ते हेच ना?

मुंबईकर म्हणतील आमच्याकडे परस कुठंय. नसू दे, पण दादर-लालबागला मालवणी सामानाच्या दुकानांत उकडा तांदूळ, कुळीथ, नाचणी सगळं मिळतं. 2023 साल भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष होतं तेव्हा नाचणीवर रोज काहीतरी छापून यायचं, वर्ष संपलं तशी नाचणीही गायब झाली पानावरून!

तर विनंती एवढीच की त्या त्या महिन्यात बाजारात काय आलंय ते बघून रेसिपी छापा, आणि नुसती कोकणातली नको, सोलापूर-विदर्भाकडचे लोक ज्वारीचं, तुरीच्या ओल्या दाण्यांचं सकाळी काय काय करतात ते मलाही वाचायचंय. तवसोळीचं माप हवं असेल तर लिहून पाठवते, फोटो मात्र तुमचा माणूस पाठवून काढा, माझ्या मोबाईलमध्ये ती काळीच दिसते.

आपली,
एक वाचक, कुडाळ, जि. सिंधुदुर्ग