माजी सैनिकांची खिडकी तालुक्याला आणा

प्रति,
माननीय माजी सैनिक कल्याण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : विदर्भातील प्रत्येक तालुक्यात महिन्यातून एक ठरलेला दिवस माजी सैनिक व वीरपत्नींच्या कागदपत्रांसाठी देण्याबाबत

महोदय,

केंद्रीय सैनिक बोर्डाची अनुदाने 1 नोव्हेंबर 2025 पासून दुप्पट झाली. पेन्शन नसलेल्या, 65 वर्षे पूर्ण केलेल्या, हवालदार हुद्द्यापर्यंतच्या माजी सैनिकाला किंवा त्याच्या विधवेला मिळणारे पेन्युरी (हलाखीसाठीचे) अनुदान महिना 4,000 रुपयांवरून 8,000 झाले. दोन मुलांपर्यंत शिक्षणाचे अनुदान दरमहा 1,000 चे 2,000 झाले आणि मुलीच्या लग्नाचे 50,000 चे एक लाख. निर्णय दिल्लीचा. पण अर्ज तपासून वर पाठवते ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय, आणि ते आपल्या खात्याचे आहे. म्हणून हे पत्र दिल्लीला न लिहिता आपल्याला लिहीत आहोत.

धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, मधे मेळघाटचा घाट. सिरोंचाहून गडचिरोली दोनशेच्या आसपास. उमरखेडच्या माणसाला यवतमाळ शंभराच्या वर. सकाळच्या एसटीने निघालेला पंचाहत्तरीचा माणूस दुपारी खिडकीशी पोचतो, एक झेरॉक्स कमी निघते आणि तो परत फिरतो. पुढच्या खेपेला कागद असतो, पण त्यावरचे नाव जुळत नाही. पैसा मंजूर आहे, योजना आहे, माणूस पात्र आहे आणि तरीही काम अडते. ते अडते बहुतेक वेळा अशा चुकांवर, ज्या समोरासमोर बसून दहा मिनिटांत दाखवून देता येतात.

सगळ्यात मोठी अडचण नावाची. भरतीच्या वेळी सैन्याच्या रेकॉर्डला ‘पुंडलिक’ एवढेच नाव लागले, आडनाव नाही. आधारवर आधी आडनाव, मग नाव, मग वडिलांचे नाव. वानखेडेचे स्पेलिंग रेकॉर्डला ‘व्ही’ने, आधारवर ‘डब्ल्यू’ने. पत्नीचे तर विचारूच नका. आपल्याकडे लग्नात नाव बदलण्याची रीत. डिस्चार्ज बुकात, म्हणजे सैन्य सोडताना मिळालेल्या पुस्तकात, माहेरची कमल, रेशनकार्डावर सासरची सुनीता, बँकेत सुनीताबाई. जन्मतारीख तिन्हीकडे तीन. नवरा हयात असताना हे कोणालाच टोचत नाही, कारण पेन्शन त्याच्या नावाने येत राहते. तो गेल्यावर मात्र त्या बाईला सिद्ध करावे लागते की कमल आणि सुनीता एकच.

हे दुरुस्त करायची खरी वेळ नवरा जिवंत असताना. त्याने स्वतःच्या सहीचा अर्ज, पत्नीच्या नावाबाबतचे प्रतिज्ञापत्र, दोघांचे आधार, पीपीओची (पेन्शन मंजुरीच्या आदेशाची) प्रत आणि जोड फोटो आपल्या रेकॉर्ड ऑफिसला, म्हणजे रेजिमेंटच्या नोंदी ठेवणाऱ्या कार्यालयाला, पाठवायचा. रेजिमेंटप्रमाणे रेकॉर्ड ऑफिस वेगळे : गार्ड्सवाल्यांचे कामठीला, महार रेजिमेंटचे सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचे बेळगावला. प्रतिज्ञापत्र कार्यकारी दंडाधिकाऱ्यासमोरचे चालते की प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यासमोरचे लागते, वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते की नाही, हे आधी विचारून घ्यावे. नाहीतर सगळा खर्च दुसऱ्यांदा होतो. तिथून मंजुरी झाली की दुरुस्ती पीपीओ निघतो आणि तो ‘स्पर्श’ या संरक्षण खात्याच्या पेन्शन पोर्टलवर दिसला की मगच काम पूर्ण. नुसती पोचपावती घेऊन घरी बसलेले बरेच आहेत. आमची पहिली विनंती हीच : जिल्हा कार्यालयाकडे माजी सैनिकांची नोंद आहेच. त्या यादीतल्या 70 वर्षांवरील प्रत्येकाच्या डिस्चार्ज बुकातले पत्नीचे नाव तिच्या आधारशी एकदा ताडून पाहा. जिथे जुळत नाही तिथे आजच अर्ज करून घ्या.

नवरा गेल्यानंतरचे पहिले काही दिवस फार महत्त्वाचे. पेन्शन खात्यात नेहमीप्रमाणे जमा होते, घरचे लोक तेरवीसाठी एटीएममधून ती काढतात आणि पुढे ती जादा रक्कम म्हणून वसूल होते. विधवेच्या हातात आधीच काही नसताना वसुलीचे पत्र येते, तेव्हा त्या घरात काय होते ते आम्ही सांगायला नको. मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत 21 दिवसांच्या आत विनाशुल्क होते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय होत नाही. गावात मयत झाली, दहन झाले, नोंद राहून गेली, असे आजही घडते. नंतर ‘स्पर्श’वर मृत्यू कळवायचा, तर ओटीपी जातो नवऱ्याच्या मोबाइलवर. ते सिम रिचार्जअभावी बंद पडलेले असते. बाईकडे पॅन कार्ड नसते, कारण आयुष्यात कधी लागलेच नाही. कुटुंब निवृत्तिवेतन किमान 9,000 रुपये आणि वर महागाई भत्ता. ते सुरू व्हायला लागणारा एकेक महिना ती उसनवारीवर काढते. तेव्हा हयातीतच पत्नीचे पॅन काढणे, तिचा स्वतःचा मोबाइल आधारला जोडणे आणि शक्यतो बँक खाते दोघांच्या नावे करणे, ही तीन कामे एकाच बैठकीत उरकता येतात.

आता हयातीच्या दाखल्याबद्दल. दाखला वर्षातून एकदा, बहुतेकांचा नोव्हेंबरात, म्हणजे ऐन कापूस वेचणीत. वाळलेल्या बोंडाच्या टोकांनी बोटे सोललेली, त्यात वयामुळे रेषा पुसट. ठसे यंत्रावर उमटत नाहीत आणि सेतू किंवा सीएससी (सामान्य सेवा केंद्र) चा केंद्रचालक ‘बाबा, उद्या या’ म्हणतो. कोमट पाण्याने हात धुऊन, थोडे ग्लिसरीन लावून पुसून घेतले आणि अंगठ्याऐवजी मधले किंवा अनामिका बोट ठेवले तर बरेचदा काम होते. नाहीच झाले तर चेहऱ्याने ओळख पटवता येते. त्यासाठी मोबाइलमध्ये आधार फेस आरडी आणि जीवन प्रमाण ही दोन ॲप लागतात. टोपी-चष्मा काढायचा, उजेड समोरून घ्यायचा, पाठीमागे खिडकी ठेवायची नाही, सांगितल्यावर पापणी मिटून उघडायची. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी पोस्टमन 70 रुपयांत घरी येऊन दाखला काढून देतो. हे बऱ्याच गावांत माहीतच नाही.

पण ठसा उमटला म्हणजे दाखला पोचला, असे नाही. खरी गफलत पुढच्या पडद्यावर होते. पेन्शन वाटणारी संस्था कोणती, या रकान्यात केंद्रचालक बँकेचे नाव निवडतो, कारण पासबुक बँकेचे असते. ज्यांची पेन्शन ‘स्पर्श’वर गेली आहे त्यांनी तिथे ‘स्पर्श – पीसीडीए पेन्शन’ हे निवडायचे असते आणि पीपीओ क्रमांकही ‘स्पर्श’चा नवा बारा आकडी टाकायचा असतो, जुन्या पुस्तकातला नाही. चुकीचे निवडले तरी दाखल्याचा प्रमाण क्रमांक येतो, प्रिंट हातात पडते, सगळे खूश. दाखला मात्र भलतीकडे गेलेला असतो आणि काही महिन्यांनी पेन्शन थांबली की उलगडा होतो. आठवडाभराने ‘स्पर्श’च्या खात्यात जाऊन पुढच्या दाखल्याची तारीख बदलली का, एवढे पाहिले तर हा सगळा त्रास टळतो. तालुक्यातल्या सेतू आणि सीएससी चालकांना अर्ध्या दिवसात हे शिकवता येईल. ते प्रशिक्षण ऑक्टोबरात व्हावे, नोव्हेंबरात नको.

अनुदानाच्या अर्जांचे थोडक्यात. लग्नाच्या अनुदानाचा अर्ज लग्नानंतर 180 दिवसांत करायचा असतो. मे महिन्यातले लग्न, मग पेरणी, मग पोळा, दिवाळी आणि मुदत संपलेली. त्यातच विवाह नोंदणीचा दाखला काढलेला नसतो. ऑनलाइन अर्जाला डिस्चार्ज बुकाची सगळी पाने लागतात. मागची पाने कोरी दिसतात म्हणून वगळली की अर्ज परत येतो. शिवाय ही पुस्तके पत्र्याच्या पेटीत पन्नास वर्षे घडी घालून ठेवलेली. घडीवरची शाई उडालेली असते. मोबाइलने काढलेल्या फोटोत नंबर वाचता येत नाही, तिथे सपाट स्कॅनरच हवा.

ईसीएचएस, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, पॉलिक्लिनिक केंद्राचे, ते आपल्या हातात नाही. तरी एक गोष्ट आपण करू शकता. साप चावला, छातीत दुखले तर माणूस जवळच्या दवाखान्यातच जाणार. तो दवाखाना ईसीएचएसच्या यादीतला नसेल तर 48 तासांत पॉलिक्लिनिकला कळवावे लागते. तसे न केल्यास बिलाचा प्रश्न उभा राहतो. प्रत्येक ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालयाच्या दर्शनी भागात हा नियम आणि जवळच्या पॉलिक्लिनिकचा फोन क्रमांक मराठीत लावा. बाहेरून घेतलेल्या औषधाच्या बिलावर बॅच नंबर आणि दुकानाचा परवाना क्रमांक हवा, साध्या चिठ्ठीवर पैसे मिळत नाहीत, हेही त्याच फलकावर येऊ द्या.

घरपट्टी माफीची योजना राज्याची आहे, बाळासाहेब ठाकरे माजी सैनिक सन्मान योजना. तिथे अडते नमुना 8 वर, म्हणजे ग्रामपंचायतीतल्या घराच्या नोंदीवर. घर अजून वडिलांच्या नावे, वारस नोंद झालेली नाही, म्हणून माफी नाही. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने (पूर्वीच्या ग्रामसेवकाने) वारस नोंदीचा अर्ज आणि माफीचा अर्ज एकाच वेळी घ्यावा, एवढे पत्र आपल्या व ग्रामविकास खात्याकडून निघाले तरी पुरे.

आता मागणीकडे. नवी इमारत नको, नवे पदही लगेच नको. जिल्हा कार्यालयातले कल्याण संघटक महिन्यातून एक दिवस तहसील कार्यालयात बसावेत. दिवस तालुक्याच्या बाजाराचा धरावा, म्हणजे खेड्यातून गाड्या येतातच. सोबत लॅपटॉप, सपाट स्कॅनर, प्रिंटर, ठशांचे यंत्र आणि बरा कॅमेरा असलेला एक मोबाइल. नायब तहसीलदार कार्यकारी दंडाधिकारी असल्याने जिथे ते चालते तिथे प्रतिज्ञापत्र त्याच इमारतीत होईल. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला राज्याने मुद्रांक शुल्क माफ केले आहे, तरी स्टॅम्प पेपर आणायला सांगितले जाते. रेकॉर्ड ऑफिसला जाणाऱ्या प्रतिज्ञापत्रालाही ही माफी लागू आहे का, हे लेखी स्पष्ट करावे. आलेल्या प्रत्येकाला काय दिले, काय राहिले आणि पुढे कधी यायचे, असे तीन ओळींचे मराठी टिपण हातात द्यावे आणि त्याची नोंद वहीत ठेवावी. तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावी, पोलीस पाटलाला कळवावी, महसूल सेवकाकडून (पूर्वीच्या कोतवालाकडून) दवंडी द्यावी. व्हॉट्सॲपवरचा निरोप त्या म्हातारीपर्यंत पोचत नाही.

सुरुवात धारणी, सिरोंचा, भामरागड, एटापल्ली आणि उमरखेड या लांबच्या तालुक्यांतून करावी. पहिला दिवस ऑक्टोबरच्या पहिल्या बाजाराला ठेवलात, तर वेचणीला हात लागण्याआधी हयातीच्या दाखल्याची तयारी करून घेता येईल. गावनिहाय याद्या तयार करायला आणि लोकांना पेटीतले कागद घेऊन आणायला आम्ही येऊ.

आपले नम्र,
विदर्भातील गावांत माजी सैनिक व वीरपत्नींची कागदपत्रे लावून देणारे कार्यकर्ते