अंगठा अक्कांचा, संमती झेरॉक्सवाल्याची

प्रति,
मा. माहिती तंत्रज्ञान मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

साहेब, स.न.वि.वि.

सोलापूरच्या पूर्व भागात, अशोक चौकातून चालत पाच मिनिटांवर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पाटीवर झेरॉक्स लिहिलंय, पण नुसत्या झेरॉक्सवर आता दुकानाचं लाईट बिलसुद्धा निघत नाही. पोट चालतं ते ऑनलाईन फॉर्मवर. पॅन कार्ड, रेशन कार्डात नाव घालणं, शिष्यवृत्ती, पीएफ, लाडकी बहीण. सरकारनं नवी योजना काढली की माझ्या पायरीवर चपलांचा ढीग वाढतो. दुकानाचं नाव देत नाही. पुढचं वाचून गिऱ्हाईक तुटेल, एवढंच त्याचं कारण.

गड्ड्याची यात्रा होती. होम मैदानावरून परत येताना पोरीनं चुरमुरे मागितले. गाडीवाल्यानं कागदाचा पुडा वळून दिला. चालता चालता माझी नजर पुड्यावर गेली तर एका पोरग्याचा फोटो माझ्याकडे बघत होता. पॅन कार्डची झेरॉक्स. नाव, बापाचं नाव, जन्मतारीख, खाली सही. आणि उजव्या काठाला वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ, मधे दोन ठिकाणी तुटलेली.

ती रेघ मी झोपेतही ओळखेन. माझ्या मशीनच्या ड्रमला चरा पडलाय. नवा ड्रम परवडत नाही म्हणून तसंच चालवतोय. म्हणजे तो कागद माझ्या दुकानातला होता. वाकडी निघालेली प्रत मी टोपलीत टाकली, टोपली रद्दीत गेली, रद्दी गाडीवाल्याकडे. चुरमुरे पोरीच्या ओंजळीत ओतले आणि कागद घडी घालून खिशात टाकला. ओंजळ लहान, निम्मे खाली सांडले. ती रडायला लागली, आणि मला तिला काही सांगता येईना.

त्या रात्री दुकान उघडून कॉम्प्युटरवर 'आधार' एवढाच शब्द शोधायला टाकला. १,८४६ फायली निघाल्या. हे फक्त नावात आधार असलेल्यांचं. 'स्कॅन १', 'नवीन फोटो', 'मम्मी' अशा नावांच्या किती असतील ते वेगळंच. शिवाय दुकानाच्या मोबाईलवर व्हॉट्सअ‍ॅप. लोक तिथं कार्ड पाठवतात, मी प्रिंट काढतो, फोटो तसाच पडून राहतो आणि फोन तो आपोआप गूगलच्या कुठल्यातरी कपाटात नेऊन ठेवतो. चार गल्ल्यांचे जन्म, सह्या, बँक खाती आणि फोन नंबर एका पत्र्याच्या दुकानात. शटरला एक कुलूप, त्याची एक चावी शेजारच्या पानवाल्याकडे.

कुणाचा कागद मी विकलेला नाही. पण विकायला बसलो असतो तर मला अडवायलाही कुणी आलं नसतं. त्या पोरग्याला जाऊन सांगावं असं चार वेळा मनात आलं. नाही गेलो. पण एवढ्या वर्षांत हे कागद ठेवतोस कुठं, पुसतोस कधी, असं विचारायला ना कुठलं खातं आलं ना कंपनी. फॉर्म भरून पाहिजेत सगळ्यांना.

आता आमच्या अक्कांबद्दल लिहितो. पूर्व भागात विड्या वळणाऱ्या बायका घरटी आहेत. तेंदूचं पान भिजवायचं, कात्रीनं मापात कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायचं, दोरा गुंडाळायचा, टोक दाबून मिटायचं. हे दिवसाला शेकड्यानं, आणि चाळीस-चाळीस वर्षं. ज्या चिमटीनं हे होतं त्याच चिमटीचा ठसा तुमच्या मशीनला लागतो. तिथं आता काही उरलेलंच नाही. अंगठा आरशासारखा गुळगुळीत.

या अक्का निवृत्त विडी कामगार. ईपीएसची, म्हणजे पीएफ खात्याची पेन्शन २०१४ साली किमान १,००० रुपये ठरली, तेवढी त्यांना मिळते. ती चालू ठेवायला वर्षातून एकदा हयातीचा दाखला. अंगठा ओल्या फडक्यानं पुसला, डोक्याच्या केसांवरून फिरवून तेल लावला, दहाही बोटं झाली. मशीन लाल दिवा दाखवतंय. मग चेहऱ्याचं अ‍ॅप काढलं. चेहरा वर्तुळात आला की पापणी मिटायची. अक्कांच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी म्हणतो मिटा, तेव्हा त्या उघड्या ठेवतात. मी म्हणतो उघडा, तेव्हा मिटतात. मागं रांग हसतेय. पाचव्या वेळी त्या वैतागून म्हणाल्या, "बाबू, मी बसलेय की इथं तुझ्यासमोर. अजून काय दाखवू?"

मला उत्तर नव्हतं. तुमच्याकडे असेल तर कळवा.

लाडक्या बहिणीच्या ई-केवायसीत, म्हणजे आधारवरून ऑनलाईन ओळख पटवण्यात, तर कहर झाला. सप्टेंबर २०२५मध्ये तुमच्या सरकारनं फर्मान काढलं, बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचं किंवा बापाचं आधारही पडताळायचं. ओटीपी त्याच्या मोबाईलवर. एकीचा नवरा भिवंडीला, त्याचा फोन लागत नाही. दुसरीचा नवरा सहा वर्षांपूर्वी निघून गेलेला. तिनं मान खाली घालून मला ते सांगितलं, आणि मागच्या अकरा बायकांनी ऐकलं. दीड हजार रुपयांसाठी बाईनं आपला संसार कुठं मोडलाय हे झेरॉक्सच्या काउंटरवर सांगायचं. याला खासगीपणा म्हणायचं की काय म्हणायचं ते तुम्ही ठरवा. आम्ही त्याला अब्रू म्हणतो.

आणि ओटीपी! बँक मेसेज पाठवते, कुणालाही सांगू नका. मधल्या काळात फोन लावला की आधी तेच ऐकू यायचं. आणि माझ्या दुकानात दिवसभर एकच ओरड, "अक्का, ओटीपी सांगा." त्या सांगतही नाहीत, सरळ फोनच माझ्या हातात देतात. माझा धंदा त्या एका सूचनेच्या विरुद्ध वागण्यावर उभा आहे. उद्या गोड आवाजात कुणी फोन करून ओटीपी मागितला आणि अक्कांनी दिला, तर पोलीस त्यांनाच म्हणणार, तुम्हाला अक्कल नाही का. ती सवय त्यांना लावली कुणी? तुम्ही, बँकेनं, आणि मी.

सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमतानं सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. पुढच्या वर्षी, २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात आधार टिकलं, पण मोबाईल सिम आणि बँक खात्याला ते जोडायची सक्ती गेली. मग २०१९मध्ये कायदा दुरुस्त करून तेच दार 'स्वेच्छेनं' या शब्दाखाली पुन्हा उघडलं. साहेब, ही स्वेच्छा माझ्या दुकानात येऊन बघा. सिमवाला म्हणतो आधार दे. दुसरं ओळखपत्र चालेल का, असं विचारणारं गिऱ्हाईक मी अजून पाहिलेलं नाही. विचारलं तर सिस्टीम घेत नाही म्हणतात. ही सिस्टीम कोण असते? तिच्याकडे तक्रार कुठं करायची?

२०२३ साली डेटा संरक्षणाचा कायदा आला. मोबाईलवर जमेल तसा वाचला. संमती मोकळी, ठराविक कामापुरती आणि समजून-उमजून दिलेली पाहिजे, असं त्यात आहे. माहिती घेण्याआधीची सूचना राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांपैकी हवी त्या भाषेत मागता येईल, हेही आहे. म्हणजे मराठी, तेलुगू, उर्दू, कन्नड, आमचं अख्खं सोलापूर आलं. वाचून छाती फुगली. मग आठवलं की 'मी सहमत आहे' या चौकोनात टिचकी मारतो कोण? मी. दिवसाला साठ-सत्तर वेळा. अक्कांना तो चौकोन दिसतसुद्धा नाही, स्क्रीनचं तोंड माझ्याकडे असतं. आजवर हजारो माणसांच्या वतीनं मी सहमत झालोय, आणि खरं सांगायचं तर एकदाही पूर्ण वाचून नाही.

त्यातही सरकारी सवलत किंवा योजनेसाठी माहिती वापरायची असेल तर कलम ७मध्ये बऱ्याच वेळा संमतीचीच गरज ठेवलेली नाही. कलम १७नुसार केंद्र सरकार आपल्या हव्या त्या यंत्रणेला देशाची सुरक्षा, सुव्यवस्था अशा कारणांनी कायद्याबाहेर काढू शकतं. कंपनीनं माहिती सांभाळली नाही तर दंड २५० कोटींपर्यंत, पण तो जाणार भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत. ज्याचं खातं रिकामं झालं त्याला काय? माहिती तंत्रज्ञान कायद्यात भरपाईचं एक कलम होतं, ४३अ. या कायद्यानं तेही काढायचं ठरवलंय. उलट तक्रार खोटी किंवा फालतू ठरली तर सामान्य माणसाला १०,००० रुपयांपर्यंत दंड. अक्कांची दहा महिन्यांची पेन्शन.

कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये निघाले. कंपन्यांवरची मुख्य बंधनं लागू व्हायला १८ महिने दिले. माहिती अधिकारात 'वैयक्तिक माहिती' म्हणून नकार देणं सोपं करणारी दुरुस्ती मात्र लगेच लागू झाली. आमची दारं उघडी ठेवायला दीड वर्षाची मुदत आणि तुमची लावून घ्यायला एक दिवस पुरला. यानंतर लोकांनी भरवसा ठेवावा असं कुणाला वाटत असेल तर त्यानं एकदा आमच्या रांगेत उभं राहावं.

जून २०२३मध्ये कोविन या सरकारी पोर्टलवरची कोरोना लसीकरणाची माहिती टेलिग्रामवर मिळत होती. मोबाईल नंबर टाका, माणसाची कुंडली हजर. सरकार आधी म्हणालं बातम्या निराधार आहेत. नंतर बिहारमधून एकाला पकडलं. त्याची आई आरोग्य कर्मचारी असल्याच्या बातम्या आल्या होत्या. मी ती बातमी दोनदा वाचली. पकडला जातो तो असा शेवटच्या टोकाचा माणूस. उद्या काही झालं तर हातकडी झेरॉक्सवाल्याला पडणार, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कंपन्यांबद्दल फार लिहीत नाही, ते सगळ्यांनाच ठाऊक आहे. माझ्या एका गिऱ्हाइकानं पोरीच्या लग्नासाठी मोबाईलवर कर्जाची नुसती चौकशी केली. हप्ता थकला कुणा दुसऱ्याचाच, पण फोन आले याच्या सासुरवाडीला. यादी कुठून मिळाली? अ‍ॅप टाकताना 'कॉन्टॅक्ट बघू का' विचारलं होतं, यानं हो म्हटलं. औषधाच्या दुकानातही आता गोळीआधी मोबाईल नंबर विचारतात.

बँकेच्या अंगठ्याची भानगड वेगळीच. आधारवर पैसे काढायच्या सोयीला ओटीपी लागत नाही. नोंदणी झालेल्या दस्तांवरचे ठसे उचलून, त्यांचे नकली ठसे करून खाती साफ केल्याचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेलेत. उपाय म्हणे बायोमेट्रिक लॉक करा, म्हणजे आधारवरचा अंगठा-डोळा बंद करून ठेवा. मी गल्लीत पाच-सहा जणांचं लॉक करून दिलं. पुढच्या महिन्यात रेशन दुकानात त्यांचा अंगठा लागेना, आणि शिव्या मला. आता लॉक करायचं, रेशनच्या दिवशी उघडायचं, परत लावायचं. पाणी चार-पाच दिवसांनी येतं ते भरायचं की अंगठ्याचं कुलूप सांभाळायचं? (२०१६च्या स्मार्ट सिटीच्या पहिल्या यादीतलं आमचं शहर आहे हे, आठवण करून देतो.)

कायदा दिल्लीचा आहे, तो तुमच्या एकट्याच्या हातात नाही हे मला कळतं. पण माझ्याकडे येणारे निम्मे अर्ज तुमच्या सरकारचे आहेत. ई-केवायसी झाल्यावर परत आधारची झेरॉक्स कशाला मागता? दोन्ही का? शेवटचे चारच आकडे दाखवणारं मास्क आधार सरकारनंच काढलंय. मे २०२२मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयानं लोकांना सांगितलंही होतं की झेरॉक्स वाटत फिरू नका, मास्क आधार वापरा. दोन दिवसांत ते पत्रक मागं घेतलं, लोक गैरसमज करून घेतील म्हणून. लोकांनी बरोबरच समज करून घेतला होता. मी आता मास्क आधार काढून देतो, आणि सरकारी खिडकीवर बाबू ते परत करतो. नंबर दिसत नाही म्हणतो. तो दिसू नये म्हणूनच काढलंय, हे त्याला एका परिपत्रकात कळवता येईल ना?

आणि अंगठा, डोळा काहीच लागलं नाही तर माणूस परत पाठवायचा नाही, वहीत सही घेऊन काम करायचं, हे खिडकीवर मराठीत मोठ्या अक्षरात लावा. आमच्यासारख्या दुकानदारांना एक दिवस बोलावून काय पुसायचं, किती दिवसांत पुसायचं ते शिकवा. नंतर चुकलो तर खुशाल दंड करा.

माझ्यापुरतं मी केलंय ते सांगतो. त्या १,८४६ फायली पुसल्या, दोन रात्री लागल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेलं प्रिंट झालं की गिऱ्हाइकासमोर उडवतो. वाकड्या प्रती फाडून संध्याकाळी पाण्याच्या बादलीत टाकतो, सकाळी लगदा. स्क्रीन अर्धी गिऱ्हाइकाकडे वळवून ठेवलीय, त्यामुळे कामाला वेळ लागतो आणि लोक कुरकुरतात. ड्रम मात्र बदललेला नाही. पैसे आले तरी बदलायचा नाही असं ठरवलंय. कागद कुठं सापडला तर माझा आहे हे कळू दे.

अक्कांचं काम अजून झालेलं नाही. सोमवारी त्या पुन्हा येणार आहेत, डोळ्यात थेंब घालायचं औषध संपवून. दुकान दहाला उघडतं. तुमच्या खात्यातलं कुणी आलं तर आधी फोन करायची गरज नाही, आणि आधारही आणायला नको.

आपला,
पूर्व भागातला एक झेरॉक्सवाला,
सोलापूर