शब्दशोधक अ‍ॅपच्या चुकीच्या निकालांबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : दिलेल्या अक्षरांतून इंग्रजी शब्द शोधून देणाऱ्या आपल्या सशुल्क अ‍ॅपमधील दोष व वर्गणीचा परतावा

महोदय/महोदया,

मी आपल्या अ‍ॅपची वार्षिक वर्गणी भरलेली ग्राहक आहे. डोंबिवलीत शनिवार-रविवारी मी शाळकरी मुलांकडून स्क्रॅबलचा, म्हणजे अक्षरांच्या टाइल्स जुळवून इंग्रजी शब्द बनवण्याच्या खेळाचा, सराव करून घेते. त्यातली बरीच मुले मराठी माध्यमातली आहेत. घरात इंग्रजी बोलणारे कोणी नसताना ही मुले नेटाने शब्द गोळा करतात, वह्या भरतात. त्यांना पडताळणीसाठी एक भरवशाचे साधन असावे, म्हणून मी पैसे भरून हे अ‍ॅप घेतले.

नवी आवृत्ती आल्यापासून हे अ‍ॅप अक्षरे मोजतच नाही. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

समजा रॅकवर, म्हणजे खेळाडूच्या टाइल्स ठेवायच्या पट्टीवर, ए, ई, आय, एल, आर, एस, टी ही सात अक्षरे आहेत, प्रत्येकी एकच. ती टाकून ‘फक्त या अक्षरांतून’ हा पर्याय निवडला की अ‍ॅप ‘स्टार्टल’ सुचवते. त्याला टी दोन लागतात. ‘लेटर’ सुचवते, त्यालाही टी दोन लागतात. उलट बाजूनेही तोच गोंधळ. एल दोनदा आणि ओ दोनदा असलेले शब्द मागितले, तर ‘बलून’, ‘फॉलो’, ‘हॉलो’ असे शब्द यायला हवेत. ते येतात, पण त्यांच्यात ‘वर्ल्ड’ आणि ‘गोल्ड’ही मिसळलेले असतात, ज्यांत ही दोन्ही अक्षरे एकेकदाच आहेत. म्हणजे अक्षर आहे की नाही एवढेच पाहिले जाते, किती वेळा आहे ते पाहिले जात नाही.

हे कशामुळे झाले असावे, याचा मला अंदाज आहे. न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ कोड्यात सात अक्षरे देतात, मधले अक्षर प्रत्येक शब्दात यावेच लागते आणि कोणतेही अक्षर हवे तितक्या वेळा वापरता येते. तिथे एकाच टीवर ‘लेटर’ लिहिणे अगदी बरोबर. नव्या आवृत्तीत आपण या कोड्याची सोय दिलीत आणि बहुधा तोच नियम सगळ्या शोधांना लागला. स्क्रॅबलमध्ये एक टाइल एकदाच वापरता येते. आल्फ्रेड बट्स या अमेरिकन वास्तुविशारदाने १९३०च्या दशकात हा खेळ रचला, तोच मुळी वृत्तपत्राच्या पानांवर कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजून. १०० टाइल्समध्ये ई १२, टी ६, एल ४ आणि क्यू एकच, हे त्या मोजणीतून आले. ज्या खेळाचा पायाच मोजणीवर आहे, त्याच्या शोधात मोजणी नसावी हे मला अजिबात मान्य नाही.

दोष दुरुस्त करणे अवघड नाही, कारण आपल्या जुन्या आवृत्तीत तो नव्हता. ए-ई-आय-एन-आर-एस-टी टाकल्यावर रिटेन्स, नॅस्टिअर, रेटिनाज, स्टेनर, रेत्सिना असे सातही अक्षरे वापरणारे शब्द एकत्र दिसत. सातही टाइल्स एका खेळीत लावल्या तर ५० गुण जादा मिळतात, म्हणून हा गट मी मुलांना मुद्दाम पाठ करायला देते. आता हेच शब्द अक्षरे दोन-दोनदा वापरलेल्या शब्दांच्या गर्दीत शोधावे लागतात.

दुसरा दोष शब्दयादीचा. भारतातल्या स्पर्धा कॉलिन्स या शब्दकोशवाल्यांच्या यादीवर खेळल्या जातात. अमेरिकेत आणि कॅनडात यादी वेगळी आहे. माझ्या सेटिंगमध्ये कॉलिन्स निवडलेले असूनही निकाल अमेरिकन यादीतून येतात. झेड-ओ हा शब्द घ्या. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेले हे हिमालयाकडचे जनावर. कॉलिन्समध्ये हा शब्द वैध आहे, अमेरिकन यादीत नाही. दोन टाइल्सचे ११ गुण. आमच्या एका मुलाने तो बरोबर लावला, आपल्या अ‍ॅपने अवैध ठरवला आणि त्याने तो वहीतून खोडून टाकला. मी समजावल्यावरच त्याने तो पुन्हा लिहिला.

या प्रसंगाचे मला फार वाईट वाटले. मुले आधी स्वतः अक्षरे जुळवून पाहतात, मग अ‍ॅप उघडतात. अ‍ॅपमधली लांबलचक यादी पाहून त्यांना वाटते की शोधण्यात आपणच कमी पडलो. मोबाइलवर छापून आलेल्या उत्तरावर ती माझ्यापेक्षा जास्त विश्वास ठेवतात, आणि पैसे घेऊन उत्तर देणाऱ्याने तो विश्वास सांभाळायला हवा.

आणखी एक लहान बाब : कोणतेही अक्षर म्हणून लावता येणाऱ्या कोऱ्या टाइलला शून्य गुण असतात, आपले अ‍ॅप तिला त्या अक्षराचे पूर्ण गुण देते.

हे सारे मी स्क्रीनशॉटसह आपल्या मदत कक्षाला कळवले. ‘अ‍ॅप काढून पुन्हा टाका’ एवढेच ठरावीक उत्तर आले. तसे करूनही काहीच फरक पडला नाही. पुढच्या पत्रांना उत्तर नाही.

कृपया मोजणीचा दोष दुरुस्त करावा आणि कोड्याचा शोध वेगळा ठेवावा. निकाल कोणत्या यादीतून व तिच्या कोणत्या वर्षाच्या आवृत्तीतून येतो, ते प्रत्येक निकालाखाली दाखवावे. दुरुस्ती होईपर्यंत जाहिरातीतला ‘स्पर्धेसाठी अचूक’ हा दावा मागे घ्यावा. नवी आवृत्ती आल्यापासून पुढच्या काळाची वर्गणी मला परत मिळावी.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रारीची पोच ४८ तासांत देणे आणि एका महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली सेवेतील त्रुटीबद्दल जिल्हा आयोगाकडे जाईन. स्क्रीनशॉट व पैसे भरल्याची पावती सोबत जोडली आहे.

आपली,
एक वार्षिक सदस्य,
डोंबिवली