कपड्यांतून विष घरी जाते

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील विषारी रसायनांचे विघटन करणाऱ्या, कपड्यांवर द्यायच्या पॉलिमर लेपावरचा लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण सगळा लेख सैनिकांभोवतीच फिरतो. सारिन हे युद्धातले विष ज्या ऑर्गॅनोफॉस्फरस (फॉस्फरसयुक्त सेंद्रिय रसायनांच्या) कुळातले, त्याच कुळातल्या कीटकनाशकांशी आमच्या ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कामगार झुंजत आले. त्यांच्याविषयी एक ओळही नसावी?

तुर्भ्याच्या एका कीटकनाशक कारखान्यात मी प्रयोगशाळेत होतो. भरणा विभागातल्या कंत्राटी कामगाराच्या अंगावर द्रावण उडाले. हातपाय धुऊन तो त्याच कपड्यांत घरी गेला. बायकोने ते कपडे बादलीत भिजवून हाताने चोळले. रात्री तिला दरदरून घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक झालेल्या. ॲट्रोपिन या उताऱ्यामुळे वाचली. कंपनीने मात्र नोंद केली ‘घरगुती विषबाधा’! अंग धुण्याची पुरेशी सोय १९४८ च्या कारखाने कायद्याने सक्तीची होती. त्या विभागाला एकच नळ होता. त्या नोंदीचा संताप आजही जात नाही.

म्हणून मला हा लेप महत्त्वाचा वाटतो. कोळशाचा थर असलेला सूट विष नुसते शोषून धरतो, ते कपड्यातच राहते. टोकियोच्या भुयारी रेल्वेत १९९५ मध्ये सारिनचा हल्ला झाला, तेव्हा बाधितांच्या कपड्यांमुळे रुग्णालयातले डॉक्टर-परिचारिकाही आजारी पडल्या होत्या. लेपातला ऑक्झाइमसारखा रासायनिक गट मात्र विषातल्या फॉस्फरसवरच घाव घालून रेणू मोडतो. या विषबाधेवर देतात ते पॅमचे (प्रॅलिडॉक्सिम) इंजेक्शनही ऑक्झाइमच.

हे सारे परदेशातलेच, असा लेखाचा सूर आहे. पण बेंगळुरूच्या इनस्टेम या संशोधन संस्थेने शेतकऱ्यांसाठी याच तत्त्वावर बनवलेला ‘किसान कवच’ हा धुऊन पुन्हा वापरता येणारा पोशाख डिसेंबर २०२४ मध्ये दिल्लीत सादर झाला. तेव्हा किंमत होती सुमारे ४,००० रुपये. २०१७ मध्ये यवतमाळला कीटकनाशकाची फवारणी करताना शेतकरी, शेतमजूर दगावले, ते आपण इतक्यात विसरलो?

शेतकऱ्याला ही रक्कम जड जाईल, कारखानदाराला नाही. महापे, रबाळे, तळोजा इथल्या कंत्राटी कामगारांना काय घालायला मिळते, हे आपल्या वार्ताहराने जाऊन पाहावे. साहेबांच्या केबिनमध्ये बसून नव्हे, पाळी सुटल्यावर बसथांब्यावर विचारावे.

कोपरखैरण्यात रात्री येणाऱ्या रसायनांच्या उग्र वासाविषयी मी पूर्वी पाठवलेले पत्र अद्याप छापलेले नाही. वास अजून येतो. पत्र गहाळ झाले असल्यास पुन्हा पाठवतो.

आपला,
एक निवृत्त रसायनतंत्रज्ञ, कोपरखैरणे, नवी मुंबई