बेसबॉलच्या गोष्टी सांगणाऱ्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,
सादर नमस्कार, वि. वि.

पिट्सबर्गच्या आपल्या रविवारच्या मराठी शाळेचे वर्ष संपत असताना हे पत्र मुद्दाम सर्वांसमोर लिहीत आहे, कारण ज्यासाठी आपले आभार मानायचे आहेत ते आमच्या एकट्या घरापुरते राहिलेले नाही. वर्ग सुटण्याआधीच्या थोड्या वेळात आपण मुलांना बेसबॉलच्या खऱ्या गोष्टी मराठीतून सांगू लागलात आणि हळूहळू मागच्या खुर्च्यांवर आईवडील, उन्हाळ्यापुरते भारतातून आलेले आजी-आजोबा, इतकेच काय, मराठी शाळा आता आपल्यासाठी नाही असे ठरवून मोकळी झालेली मोठी मुलेही येऊन बसू लागली. एका खोलीत तीन पिढ्या एकच गोष्ट ऐकत आहेत, असे दृश्य आम्हा परदेशी राहणाऱ्यांच्या वाट्याला फार क्वचित येते.

आमच्या पिढीचे बालपण क्रिकेटवर गेले. मुले इथली, त्यामुळे त्यांना बेसबॉल आपसूक येतो. आम्ही मात्र मैदानावर त्यांच्याशेजारी बसून पाहुण्यासारखे टाळ्या वाजवत असू. आपण नियमांपासून सुरुवात केली नाहीत, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. गोष्ट ज्या ठिकाणी नियमावाचून पुढे जाईना, तिथेच आणि तेवढाच नियम आपण सांगत होतात. एका फटक्यावर धावपटू एकाऐवजी दोन बेस घेऊ पाहतो आणि मैदानाच्या उजव्या बाजूने, म्हणजे राइट फिल्डमधून, आलेली एकच अचूक फेक त्याला तिसऱ्या बेसवर बाद करते, हे आम्हाला पिट्सबर्गच्या पायरेट्स संघातील रॉबर्टो क्लेमेंटेच्या गोष्टीत समजले आणि म्हणूनच लक्षात राहिले.

क्लेमेंटेवर आपण बरेच रविवार दिलेत आणि ते योग्यच होते. प्वेर्तो रिकोतील कॅरोलिना या गावी 1934 साली जन्मलेला, सात भावंडांतला सर्वांत धाकटा मुलगा, ज्याचे वडील उसाच्या मळ्यांवर मुकादम होते. ऊस, मळा आणि मुकादम हे शब्द ऐकताच सांगलीहून आलेल्या माझ्या सासूबाई खुर्चीत पुढे सरकून बसल्या, ते मला आजही दिसते. शाळेत असताना तो भाला फेकत असे आणि पुढे साऱ्या बेसबॉलजगताने ज्याचे कौतुक केले तो दणकट खांदा त्या भालाफेकीत घडला, हे सांगताच मुलांनी नीरज चोप्राचे नाव घेतले. मग आपण अगदी सहजपणे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्याकडे वळलात. उत्तर प्रदेशातील या दोन भालाफेकपटूंनी बेसबॉल कधी खेळलेला नव्हता. भारतात झालेल्या वेगवान चेंडूफेकीच्या एका स्पर्धेतून ते निवडले गेले आणि 2008 साली त्यांना करारबद्ध केले ते आपल्याच पायरेट्स संघाने. त्यांना वरच्या पातळीपर्यंत पोहोचता आले नाही, हेही आपण लपवले नाहीत.

पण क्लेमेंटेच्या गोष्टीत मुलांच्या मनात खोल रुतले ते दुसरेच. इथल्या वार्ताहरांनी आणि समालोचकांनी त्याचे नाव परस्पर ‘बॉब’ करून टाकले, पत्त्यांसारख्या विकल्या जाणाऱ्या बेसबॉल कार्डांवरही तेच छापले, आणि तो मात्र माझे नाव रॉबर्टो आहे असे सांगत राहिला. वर्गातील निम्म्या मुलांची नावे शाळेत दररोज कुणीतरी तोडत असते. त्यांना यावर वेगळे भाष्य लागले नाही. पुढे 1971 ची वर्ल्ड सीरिज, म्हणजे अमेरिकी बेसबॉलच्या अजिंक्यपदाची मालिका, पायरेट्सने जिंकली, क्लेमेंटे मालिकेतील सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि दूरचित्रवाणीचा माइक समोर येताच त्याने आधी स्पॅनिशमध्ये आपल्या मुलांना आशीर्वाद दिला व प्वेर्तो रिकोत बसलेल्या आईवडिलांचा आशीर्वाद मागितला, इंग्रजी त्यानंतर. मुलांनी घरी मराठी बोलावे म्हणून आम्ही पालकांनी आजवर जे काही समजावले असेल, त्यापेक्षा ही एक हकीकत अधिक परिणामकारक ठरली, असे मी पूर्ण जबाबदारीने लिहीत आहे.

30 सप्टेंबर 1972 रोजी त्याने आपला 3000 वा हिट (बेसवर पोहोचवणारा यशस्वी फटका) मारला. त्याच वर्षी 23 डिसेंबरला निकाराग्वातील मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झाले. क्लेमेंटेने मदत गोळा केली, परंतु आधी पाठवलेली सामग्री गरजूंपर्यंत पोहोचत नसल्याचे कानावर येताच पुढच्या खेपेबरोबर स्वतः जायचे त्याने ठरवले. 31 डिसेंबरच्या रात्री ते जुने, क्षमतेपेक्षा जास्त भार घेतलेले विमान सान हुआनहून उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळले. तो 38 वर्षांचा होता आणि त्याचा मृतदेह कधीच सापडला नाही. लहान मुलांसमोर हे सांगावे की नाही, याबद्दल काही पालकांच्या मनात शंका होती. आपण आवाज चढवला नाहीत, वर्णन वाढवले नाहीत, आणि नंतर बराच वेळ मुलांचे प्रश्न ऐकून घेतलेत. विमान आधी तपासले का नाही, हा त्यांतला पहिला प्रश्न होता. निवृत्तीनंतर पाच वर्षे थांबण्याचा नियम बाजूला ठेवून 1973 मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलच्या थोर खेळाडूंच्या सन्मानदालनात, घेतले गेले, हे आपण सर्वांत शेवटी सांगितलेत. आता सामन्याच्या दिवशी वाहनांना बंद असलेल्या क्लेमेंटे पुलावरून चालत पायरेट्सच्या पीएनसी पार्क मैदानाकडे जाताना माझी धाकटी मुलगी आजीला न चुकता सांगते की राइट फिल्डची भिंत 21 फूट उंच आहे, कारण त्याचा क्रमांक 21 होता.

जॉश गिब्सनची गोष्ट याहून अवघड होती आणि तीही आपण टाळली नाहीत. याच शहरातील क्रॉफर्ड्स आणि शेजारच्या होमस्टेड ग्रेज या संघांकडून खेळलेला हा थोर कॅचर (क्रिकेटमधल्या यष्टिरक्षकासारखा खेळाडू) केवळ कृष्णवर्णीय असल्यामुळे सर्वोच्च पातळीच्या मेजर लीगमध्ये कधी उतरू शकला नाही. जानेवारी 1947 मध्ये वयाच्या अवघ्या 35 व्या वर्षी तो गेला आणि पुढच्याच एप्रिलच्या 15 तारखेला आधुनिक मेजर लीगमधला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरला. तीन महिन्यांचे ते अंतर फळ्यावर लिहून आपण काही क्षण काहीच बोलला नाहीत. नंतर आपण 2024 सालच्या निर्णयाविषयी सांगितलेत: कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या निग्रो लीगमधील आकडे मेजर लीगच्या अधिकृत नोंदींत समाविष्ट झाले आणि टाय कॉबची 0.367 ही फलंदाजीची सरासरी मागे टाकून गिब्सनची 0.372 सर्वोच्च ठरली. ‘पण त्याला ते कळलेच नाही ना?’ असे एका मुलाने विचारले, तेव्हा आपण त्याला खोटा दिलासा दिला नाहीत. ‘नाही, त्याला कळले नाही’, एवढेच आपण म्हणालात. मुलांशी इतक्या सरळपणे बोलणारी माणसे थोडी असतात.

खऱ्या गोष्टी आणि रचलेल्या गोष्टी यांच्यातील भेद आपण जपलात, त्याचेही आभार मानलेच पाहिजेत. पुढे लष्करी अधिकारी झालेल्या ॲब्नर डबलडेने 1839 साली कूपर्सटाउनमध्ये बेसबॉल शोधून काढला ही कथा आपण मोठ्या रंगात सांगितलीत, आणि मग 1907 सालच्या एका समितीने ती कशी अधिकृत करून टाकली व 1839 साली डबलडे वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कसा शिकत होता, हे मुलांकडूनच काढून घेतलेत. 1931 मध्ये चॅटानूगा येथील प्रदर्शनी सामन्यात जॅकी मिचेल या 17 वर्षांच्या मुलीने न्यू यॉर्कच्या यँकीज संघाचे नामवंत फलंदाज बेब रूथ आणि लू गेरिग यांना लागोपाठ स्ट्राइकआउट (चेंडू मारता न आल्याने बाद) केले, तो प्रसंग खरा की आधीच ठरवलेला, यावर आपण वर्गात दोन्ही बाजू मांडू दिल्यात आणि निर्णय दिला नाहीत. आमच्या घरी तो वाद अजून मिटलेला नाही. त्या दोघांना तिचे चेंडू खरेच मारता येत नव्हते, याबद्दल माझ्या मुलीच्या मनात तिळमात्र शंका नाही.

पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा खेळाडू, जिम ॲबटच्या गोष्टीनंतर तर अनेक घरांच्या अंगणांत एकच खेळ सुरू झाला. जन्मतः उजवा हात मनगटापुढे नसलेला हा मुलगा डाव्या हाताने चेंडू टाकत असे, त्या वेळी ग्लोव्ह उजव्या हाताच्या टोकावर टेकवून ठेवत असे, चेंडू सुटताच डावा हात त्यात सरकवत असे, आणि फटका स्वतःकडे आलाच तर तो झेलून ग्लोव्ह उजव्या काखेत धरून चेंडू पुन्हा डाव्या हातात घेत असे. पिचरचे काम चेंडू टाकून संपत नाही, तो लगेच क्षेत्ररक्षक होतो, हे मुलांना ते स्वतः करून पाहताना उमगले. त्याच ॲबटने 4 सप्टेंबर 1993 रोजी यँकीजकडून खेळताना क्लीव्हलंडच्या संघाला एकही हिट मारू दिला नाही, हे ऐकून अंगणात त्याची नक्कल करून थकलेल्या मुलांना त्याचे खरे मोल कळले.

13 ऑक्टोबरला आपण आम्हा सर्वांना पिट्सबर्गच्याच ओकलंड भागात पायरेट्सच्या जुन्या फोर्ब्ज फील्ड मैदानाच्या उरलेल्या भिंतीपाशी नेलेत, तो दिवस आमच्या कुटुंबात सणासारखा आठवला जातो. 1960 साली याच तारखेला, वर्ल्ड सीरिजच्या सातव्या सामन्यात, 9–9 अशा बरोबरीत, नवव्या इनिंगमध्ये पायरेट्सच्या बिल मॅझेरॉस्कीने होमरन (चेंडू मैदानाबाहेर घालवणारा फटका) मारून यँकीजला हरवले. संपूर्ण मालिकेत यँकीजच्या 55 धावा आणि पायरेट्सच्या 27, तरीही मालिका पायरेट्सची, हे गणित आपण वाटेत गाडीतच मुलांना घातलेत. दरवर्षी लोक तिथे जमून त्या सामन्याचे जुने रेडिओ समालोचन पुन्हा ऐकतात. सासूबाईंना इंग्रजी समालोचन झेपत नव्हते, म्हणून आपण त्यांच्या शेजारी उभे राहून हळू आवाजात प्रत्येक इनिंग मराठीत सांगत राहिलात. सामना पूर्ण होईपर्यंत त्यांनी बसायला खुर्ची घेतली नाही. पायरेट्स संघाचा एक भागीदार असलेला गायक बिंग क्रॉस्बी ताण सहन न होऊन पॅरिसला निघून गेला होता आणि त्याने करून ठेवलेले या सामन्याचे चित्रण 2009 मध्ये त्याच्या घरी सापडले, ही हकीकत त्यांनी सांगलीला परत गेल्यावर भजनी मंडळातही सांगितली.

पुढच्या वर्षी वर्गाचा भार थोडा कमी करावा, असे आपण म्हणालात. आपल्या प्रकृतीकडे पाहता ते आम्हाला मान्य आहे. काही पालकांनी मिळून गोष्टी सांगण्याची जबाबदारी वाटून घेतली आहे आणि आपली अनुमती असेल, तर आपल्या वहीतील टिपणे आम्ही टंकलिखित करून घेऊ इच्छितो. जॅकी रॉबिन्सनची पूर्ण गोष्ट अजून व्हायची आहे. ती मात्र आपणच सांगावी, असा मुलांचा हट्ट आहे, आणि त्यासाठी 15 एप्रिलच्या जवळचा रविवार आम्ही राखून ठेवला आहे. सासूबाईंचे तिकीट त्या बेताने काढले आहे.

आपण आमच्या मुलांना, आणि त्यांच्याबरोबर आम्हालाही, जे दिलेत त्याबद्दल आम्हा सर्व कुटुंबांतर्फे मनःपूर्वक आभार. काकूंना साष्टांग नमस्कार.

आपली नम्र,
मराठी शाळेतील एक पालक