ऑक्लाहोमात राहणाऱ्या लेकीस

प्रिय सई,

अनेक आशीर्वाद.

लँड रनबद्दल तू लिहिलंस, ते वाचलं. २२ एप्रिल १८८९ला भरदुपारी इशारा झाला आणि हजारो माणसं जमीन धरायला धावली. पण मला त्यानंतरच्या काळानं जास्त अस्वस्थ केलं.

तुझं ऑक्लाहोमा १६ नोव्हेंबर १९०७ला ४६वं राज्य झालं, ते दोन प्रदेश जोडून: पश्चिमेची ऑक्लाहोमा टेरिटरी आणि पूर्वेची इंडियन टेरिटरी. इंडियन टेरिटरीतल्या चेरोकी, चोक्टॉ, क्रीक, चिकसॉ, सेमिनोल या आदिवासी लोकांना आपलं वेगळं राज्य हवं होतं. १९०५मध्ये मस्कोगीला परिषद भरवून त्यांनी 'सिक्वोया' राज्याची घटना लिहिली, मतदारांनी ती मंजूरही केली. वॉशिंग्टननं दाद दिली नाही. मग राज्याच्या पहिल्याच दिवशी गथ्री या तेव्हाच्या राजधानीत जाहीर लुटुपुटूचं लग्न लावलं: नवरा ऑक्लाहोमा टेरिटरी, नवरी इंडियन टेरिटरी. नवरीच्या मनात काय होतं, ते मस्कोगीत लिहून ठेवलेलं होतंच ना गं!

नव्या राज्याच्या सिनेटचं पहिलं विधेयक होतं रेल्वेत काळ्या लोकांचे डबे वेगळे करण्याचं. १९१०मध्ये त्यांचं मतही राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून हिरावलं. सर्वोच्च न्यायालयानं ती १९१५ला रद्द केली.

याच राज्यात केट बर्नार्ड होती. तिच्याविषयी तू वाचावंस, असं फार वाटतं. राज्याच्या निवडणुकीत बायकांना मत १९१८ला मिळालं, पण १९०७ला ही बाई धर्मादाय आणि तुरुंग खात्याची आयुक्त म्हणून निवडून आली. ऑक्लाहोमाचे कैदी तेव्हा पैसे मोजून कॅन्ससच्या लॅन्सिंग तुरुंगात ठेवत, तिथे त्यांना कोळशाच्या खाणीत राबवत. १९०८मध्ये ती स्वतः खाणीत उतरली, छळ चव्हाट्यावर आणला आणि कैदी परत आणायला भाग पाडलं.

मग तिनं आदिवासी अनाथ मुलांच्या जमिनींना हात घातला. मुलांच्या नावावर जमीन होती, काहींच्या जमिनीत तेल होतं, आणि सांभाळायला कोर्टानं नेमलेले पालकच ती गिळत होते. तिला तीन मुलं झाडाच्या ढोलीत झोपणारी सापडली. त्यांच्या पालकाकडे आणखी कितीतरी मुलं होती! केट मागे हटेना, तेव्हा विधिमंडळानं तिच्या खात्याचा पैसाच तोडला. कैद्यांसाठी लढली तोवर ती लाडकी होती. जमिनीला हात लावल्यावर नकोशी झाली. मला याचा अजून राग येतो.

ऑक्लाहोमा सिटीच्या विधानभवनात तिचा पुतळा आहे. सुट्टीत मैत्रिणींबरोबर जाऊन ये, आणि तिथे तिच्याबद्दल काय लिहिलंय ते मला सविस्तर कळव.

तुझी,
आई