आई-बाबा, मे महिन्यातली बोट ठरवली आहे

प्रिय आई-बाबा,
सा. न.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा, तुम्ही "कशाला एवढा खर्च" म्हणून विषय संपवला असता आणि आई, तू "बघू पुढच्या वर्षी" म्हणाली असतीस. म्हणून लिहितेय. अलास्काच्या क्रूझचं बुकिंग मी केलंय. मेच्या मध्यावर व्हँकुव्हरहून निघायचं आणि आठवड्याने व्हँकुव्हरलाच परत. मी बरोबर आहे, तुमच्या शेजारच्याच खोलीत. पैसे भरून झालेत, तेव्हा त्यावर आता चर्चा नको.

दादाचं म्हणणं होतं ऑगस्टमध्ये जा, त्याला सुट्टी असते. मी सगळ्या बाजूंनी विचार करूनच मे धरलाय. अलास्काच्या त्या पट्ट्यात एप्रिल ते जून पाऊस त्यातल्या त्यात कमी असतो. ऑगस्टपासून वाढतो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तर झोडपून काढतो. मेमध्ये डोंगरांवरचा बर्फ अजून बराच खालपर्यंत असतो, रात्री नऊला उजेड असतो, गर्दी कमी आणि भाडंही कमी. काय दिसणार नाही तेही आत्ताच सांगते. साल्मन मासे नद्यांमध्ये चढायला अजून अवकाश असतो, त्यामुळे मासे पकडणारी अस्वलं नाहीत. आणि ग्लेशियर बे या हिमनद्यांच्या राष्ट्रीय उद्यानातली जॉन्स हॉपकिन्स नावाची खाडी मेपासून ऑगस्टअखेर मोठ्या जहाजांना बंद असते, कारण तिथे तरंगत्या बर्फावर सील माद्या पिल्लं घालतात. बाळंतिणीच्या खोलीत ऊठसूट कुणी शिरत नाही, तसंच ते. आई, तुला हे पटेल.

बाबा, गोमुखाची हिमनदी बघायची राहिली हे मी विसरलेले नाही. आधी माझी दहावी, मग आजीचं, मग तुमचा गुडघा. गंगोत्रीपासून १८ किलोमीटरची ती चाल आता जमायची नाही, आणि तुम्ही ते कुणाजवळ बोलून दाखवत नाही हे मला कळतं. इथे चालायचंच नाहीये. ग्लेशियर बेमध्ये मोठं जहाज किनाऱ्याला लागत नाही, कुणी खाली उतरत नाही. सकाळी पार्कचे रेंजर छोट्या बोटीने येऊन जहाजावर चढतात आणि दिवसभर स्पीकरवरून माहिती देतात. दिवसाला दोनच मोठ्या जहाजांना आत परवानगी असते. मार्जरी हिमनदीसमोर जहाज तासभर थांबतं आणि जागच्या जागी फिरतं, म्हणजे दोन्ही बाजूंच्या लोकांना दिसावं. तुम्ही तुमच्या बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचं, बस.

मी गेले होते तो दिवस सांगते. खाडीत शिरलो तसं पाणी दुधाळ हिरवट झालं. हिमनदी खडक दळत येते, त्याचं पीठ पाण्यात मिसळतं म्हणून. मग गार वारा आला आणि समोर ती भिंत, दीड किलोमीटरहून रुंद, पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच. ती किती मोठी ते मला आधी उमगलंच नाही. पायथ्याशी पांढरे ठिपके हलत होते, दुर्बीण लावली तर ते पक्षी निघाले. भेगांमध्ये निळा रंग, अगदी आतून उजेड असल्यासारखा. दाबून घट्ट झालेला बर्फ तांबडा प्रकाश शोषतो आणि निळा तेवढा बाहेर येतो. एक मोठा तुकडा सुटून पडताना दिसला आणि त्यानंतर गडगडाट ऐकू आला. बाबा, वीज चमकली की सेकंद मोजायला तुम्हीच शिकवलं होतंत ना गॅलरीत? मी तिथे उभी राहून तसेच मोजत होते.

तुमच्या नकाशांच्या वेडासाठी आणखी एक. १७९४ साली इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन व्हँकुव्हरची माणसं तिथे गेली तेव्हा ही खाडी जवळजवळ नव्हतीच, तोंडाशीच बर्फाची भिंत. १८७९ मध्ये निसर्गअभ्यासक जॉन म्यूर पोचला तोवर बर्फ कित्येक मैल मागे गेला होता. आज खाडीच्या त्या तोंडापासून आपण शंभर किलोमीटरच्या वर आत जाणार आहोत.

आता आई, तुझी काळजी. जहाज बहुतेक वेळ बेटांच्या आडोशाने जातं, एक-दोन ठिकाणी बेटं संपतात तिथे काही तास हलेल. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घेतलीय, तिथे कमी जाणवतं. लिफ्ट जवळ आहे. शाकाहारी जेवणाचं आधीच कळवलंय, भात-आमटीच्या जवळपास जाणारं रोज काहीतरी मिळेल. जहाजावर डॉक्टर असतो. त्याचे पैसे वेगळे लागतात, म्हणून जुन्या आजारांसकट विमा काढलाय. तुळशीला पाणी घालायला मावशी येऊन राहणार आहे, माझं बोलणं झालंय तिच्याशी.

इलेक्ट्रिक किटली आणू नकोस, जहाजावर चालत नाही. थर्मास आण, गरम पाणी मिळतं. बाबांच्या गोळ्या हातातल्या पिशवीत, मोठ्या बॅगेत अजिबात नाही, आणि डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. हिमनदीच्या दिवशी साडी नको. आतून थर्मल, वर सलवार-कमीज, कानटोपी, हातमोजे. दिवसा १२-१३ अंश असेल, पण बर्फावरून येणारा वारा हाडात शिरतो. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, तेव्हा गॉगल लावायचाच. बाबा, व्हीलचेअर बंदरावर सांगून ठेवलीय. तुम्हाला चालता येत नाही म्हणून नव्हे, रांगेत तासभर उभं राहायला मलाही जमत नाही म्हणून. नको वाटली तर तीवर बॅगा ठेवू.

अमेरिकेचा व्हिसा आहेच. कॅनडाचाही हवा, कारण व्हँकुव्हरहूनच निघायचं आणि परत तिथेच उतरायचंय. दोघांच्या पासपोर्टच्या पहिल्या पानाचे फोटो आज रात्री पाठवा. आई, रागावली असलीस तरी पाठव.

तुमची,
छकुली